लिलाधरचं नाव माझ्यात होतं

दोष इतवारीचा आहे. लक्ष्मणरावांचा तर आहेच, पण इतवारीचा आधी, कारण त्याने भर दुकानात साहेबासमोर हात जोडले. तो बाप आहे म्हणून मी सूट देणार नाही. मला बाप नाही, त्यामुळे मोठ्यांबद्दल खरं बोलणं मला सोपं जातं.

मी एक स्कॅनर. पार्सलावरच्या काळ्या रेघा वाचणारा, मुठीत मावणारा, लाल उजेडाचा, वर काचेचा लहान पडदा असलेला. रेघा पटल्या की मी एकदा बारीक वाजतो, टुंग. पटलं नाही की तीनदा लांब वाजतो. या दोन आवाजांपलीकडे मला वाचा नाही. म्हणून जे त्या दिवशी सांगायला हवं होतं, ते आत्ता सांगतोय, उशिरा, आणि ज्याला उपयोग झाला असता त्याला आता काही उपयोग नसताना.

जन्माचं सांगण्यासारखं काही नाही. एका लांबच्या कारखान्यात एकाच दिवशी आम्ही चार हजार जण जन्मलो, सगळे सारखे. त्यातला मी हायवेवर, शहापूरजवळ, कंपनीच्या मोठ्या शेडमध्ये आलो. त्या शेडला सगळे हब म्हणतात.

हब पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्रावलोच. पत्र्याचं एवढं मोठं छत, की खाली पाखरं उडत होती आणि त्यांना आपण आत आहोत हे कळत नव्हतं. मधोमध काळा पट्टा, सतत सरकणारा, आणि त्यावर पार्सलं. साड्या, औषधं, पुस्तकं, पंप, लहान पोरांचे बूट. कुठून कुठून आलेली आणि कुठे कुठे निघालेली. मी दिवसाला तीन तीन हजार रेघा वाचायचो. कंपनीची माणसं एकमेकांना नावाने हाका मारत नसत. तिथे कुणाला कुणाचं नाव लागतच नव्हतं. आकडे बोलायचे, पट्टा ऐकायचा. तरी सांगतो, त्या पट्ट्यासमोर उभं राहिलं की नदीच्या काठी उभं राहिल्यासारखं वाटायचं. एवढं सगळं, आणि एकही वस्तू वाट चुकत नाही.

दीड वर्षाने माझं बटण अडकायला लागलं. एकदा दाबून भागत नव्हतं, दोनदा दाबावं लागायचं. पट्टा दोनदा थांबत नाही. मग कॉलेज अर्धवट सुटलेल्या पोराला जसं कुणाच्या तरी दुकानात चिकटवतात, तसं मला मोहाडीला पाठवलं.

मोहाडीचं दुकान तहसीलच्या रस्त्याला, झेरॉक्सच्या शेजारी. पाटी कंपनीची, रंग कंपनीचे, शर्टसुद्धा कंपनीचा. मला वाटलं, हे हबचंच लहान भावंड असणार. नव्हतं. याला फ्रँचायझी म्हणतात. कंपनी नाव देते, पार्सलं देते, माझ्यासारखी यंत्रं देते. बाकी दुकान लक्ष्मणरावांचं, खुर्ची लक्ष्मणरावांची, आणि त्या शर्टातला माणूसही लक्ष्मणरावांचा. पाटी वाचून आत येणाऱ्याला हा फरक कळत नाही. शर्ट घालणाऱ्यालाही पुष्कळ दिवस कळत नाही.

शर्ट घालणारा होता लिलाधर. तलावात मासे धरणाऱ्या इतवारीचा मुलगा, वय चोवीस, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडलेला. "तुह्या पोट्ट्याले कंपनीत लावून देतो," असं लक्ष्मणरावांनी इतवारीला सांगितलं होतं. लक्ष्मणराव धानाच्या शेतीचे, पंचायतीत वजन असलेले. ते बोलले म्हणजे झालं. इतवारीने तलावावर सगळ्यांना सांगितलं, पोरगा कंपनीत आहे. लिलाधरची माय, सखाबाई, तो शर्ट बाकी कपड्यांपासून वेगळा धुवायची. लिलाधर स्वतः सहा महिने समजून होता की आपण कंपनीत आहोत. मग एकदा हबमधून फोन आला आणि पलीकडचा माणूस सहज म्हणाला, तुम्ही आमचे नाही हो, तुम्ही दुकानाचे. फोन ठेवल्यावर लिलाधर बराच वेळ माझी काच पुसत बसला. काच स्वच्छच होती.

पण आता जे सांगतो, त्याने मी आजही थक्क आहे.

हबमध्ये मला वाटायचं, मी वाचतो. लिलाधरला पाहिल्यावर कळलं, मी फक्त रेघा मोजतो. पार्सलावर पत्ता असायचा "मु. पो. भिवाटोली" एवढाच. भिवाटोलीत एकाच आडनावाची वीस घरं, आणि त्यातल्या चौघींचं नावही एक. लिलाधर पार्सल हातात घ्यायचा, उलटंसुलटं करायचा, कुठून आलंय पाहायचा, आणि पेनाने कोपऱ्यात लिहायचा: "पारीखालचं, चिंचेचं." किंवा "सून पुण्याले आहे ते." किंवा नुसतं "पांढरी म्हैस." एकदाही चुकला नाही. दोन वर्षांत एकदाही नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत घरं बंद असतात, तेव्हा आज कुणाची बांधी, म्हणजे धानाचं शेत, कोण रोवतंय हे त्याला ठाऊक असायचं. तो शेताच्या धुऱ्यावर उभा राहून हाक मारायचा, आणि बाया पाण्यातून वर येऊन चिखलाच्या बोटाने माझ्या काचेवर सही करायच्या. तो चिखल कुणी पुसू नये असं मला वाटायचं. हबमध्ये एवढे हात लागले मला, पण सही करताना कुणी हसलेलं मी तिथे पाहिलं नव्हतं.

नदीकाठी उभं राहिल्यासारखं मी हबबद्दल म्हणालो ना? लिलाधर म्हणजे त्या नदीचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत नेणारा माणूस होता. पट्टा जिथे संपतो तिथून पुढचे चौदा किलोमीटर त्याच्या डोक्यात होते.

आता अंगठ्याचं सांगतो.

मला सुरू करायला आयडी लागतो आणि चार आकडी कोड. एकदा सुरू झालो की मी जे काही वाचेन त्यापुढे ते नाव लागतं, वेळ लागते, जागा लागते. दुकानात आयडी एकच होता, लिलाधरचा. लक्ष्मणरावांचा का नव्हता? कारण आयडीसाठी मोबाइलवर अर्ध्या तासाचा व्हिडिओ पाहून वीस प्रश्नांची परीक्षा द्यावी लागते. "या वयात आता मी परीक्षा देऊ काय?" असं म्हणून लक्ष्मणरावांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकला होता. आणि लिलाधरचा कोडही त्यांनीच ठरवला होता. "माह्या गाडीचा नंबर टाक, ध्यानात राहते." कोणाच्या ध्यानात, हे विचारायची लिलाधरची तेव्हा हिंमत नव्हती. काकाजी म्हणायचा तो त्यांना.

तर दुकानाची एक रीत होती. कंपनीचा नियम असा, की पार्सल आलं त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत पोचलं पाहिजे, नाहीतर दुकानाच्या नावापुढे लाल खूण. लाल खुणा वाढल्या की पाटी जाते. लक्ष्मणरावांचं म्हणणं, भिवाटोलीकडे रोज गाडी कायले पळवायची? उद्या बाजार आहे, सगळे बाजारात येतातच, तिथेच देऊ. आज नुसतं 'पोचलं' करून टाकायचं. लिलाधर हे करत नसे. तो जायचाच. पण तो नसला की लक्ष्मणराव त्याचा कोड दाबायचे, आणि मी टुंग करून लिलाधरच्या नावाने खोटं बोलायचो. मला अंगठा कळतो. लिलाधरचा अंगठा जाळ्याच्या दोऱ्याने चिरलेला, हलका. लक्ष्मणरावांचा जाड, खर्ऱ्याने पिवळा, आणि दाबताना बटण नाही तर माणूस दाबतोय असा. पण कंपनीने मला अंगठा लिहायला जागाच ठेवलेली नाही.

यंदा दिवाळीनंतर हबने कळवलं: दुकानांतल्या ज्या मुलांचा दोन वर्षांचा रेकॉर्ड साफ आहे, त्यांना परीक्षा घेऊन हबमध्ये कायम करू. लिलाधरने दोन वर्षं ज्याची वाट पाहिली, ते हे. परीक्षा बाजाराच्या आदल्या दिवशी होती. तो सकाळीच शहापूरला गेला. मी दुकानात राहिलो.

त्या दुपारी भिवाटोलीची चार पार्सलं आली. त्यात एक मनकर्णाबाईंचं. म्हातारी एकटी राहते, लेक तृप्ती पुण्यात नोकरी करते. मनकर्णाबाईंना चार वर्षांपासून ऐकू येत नाही. तृप्तीने आईसाठी कानाचं मशीन पाठवलं होतं.

साडेपाचला लक्ष्मणरावांनी चारही पार्सलांवर माझा उजेड फिरवला. कोणी घेतलं, या प्रश्नापुढे 'स्वतः' दाबलं. सहीच्या जागी नखाने एक रेघ ओढली. मग मनकर्णाबाईंना फोन लावला, उद्या बाजारात या म्हणून सांगायला. फोन थरथरला म्हणून तिने उचलला, आणि पलीकडून ती हॅलो हॅलो करत राहिली. तिला ऐकू येत नाही, आणि जे लावल्यावर ऐकू येईल ते यांच्या हातात होतं. "बुढी ऐकतच नाही," म्हणून लक्ष्मणरावांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाजारात तीन पार्सलं वाटली गेली. चौथं त्यांच्या गाडीच्या डिकीत, वांग्यांच्या पिशवीखाली राहिलं. विसरले. एवढंच. कुणाचं वाईट करायचं म्हणून नाही, नुसते विसरले. मोठ्या माणसांची बरीच पापं अशीच असतात, आणि म्हणून ती त्यांना पापं वाटत नाहीत.

त्याच दिवशी लिलाधर दुकानात आला तो निराळाच होऊन. माझी काच पुसता पुसता मला सांगत होता, दुसरं कुणी नव्हतं म्हणून. "पट्टा पाहिला बे. पाण्यासारखा वाहून राहिला होता. साहेबांनी माहा रेकॉर्ड काढला, म्हणाले एकही डाग नाही. सोमवारी कागद येते." मला वाटलं, बटण दुरुस्त होऊन मीही याच्याबरोबर परत जावं. यंत्राने अशी इच्छा धरू नये, पण धरली.

तृप्तीला पुण्यात मेसेज गेला होता, पार्सल पोचलं, स्वतः घेतलं. तिने शेजारणीला फोन करून विचारलं. घरात काही आलेलंच नव्हतं. तिने तक्रार केली. शनिवारी कंपनीचा साहेब आला. चंद्रकुमार नाव, लिलाधरपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठा, हातात टॅब. त्याने माझ्यातली नोंद काढली. वेळ साडेपाच. जागा मोहाडी, दुकान. भिवाटोली नाही. नाव लिलाधर.

साक्ष मी दिली. जागा खरी, वेळ खरी, नाव खोटं. तीनांतल्या दोन गोष्टी खऱ्या सांगितल्या की तिसरीही खरी धरली जाते.

लिलाधर म्हणाला, "साहेब, मी त्या वेळी तुमच्याच हबमध्ये बसलो होतो. परीक्षेले." चंद्रकुमारने टॅबवर पाहिलं, आणि त्याला ते सापडलंही. तो वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, मग तुमचा कोड दुसऱ्याने वापरला. ज्याने वापरला त्याने दोन ओळी लिहून द्याव्यात, कोड मीच ठरवला होता आणि मीच दाबला. तुमचं नाव मोकळं होईल, नाहीतर कोड तुम्हीच वाटला असं धरलं जातं.

दोन ओळी. सगळं त्या दोन ओळींवर आलं होतं.

लिलाधरने लक्ष्मणरावांकडे पाहिलं. "काकाजी, लिहून द्या."

त्या वेळी इतवारी दुकानात होता. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की साहेब आलाय, आणि तो तलावावरून तसाच आला होता, पँट गुडघ्यापर्यंत ओली. लक्ष्मणरावांनी इतवारीकडे एकदा पाहिलं, मग साहेबाकडे वळले. आवाज असा मऊ काढला, की मी जर माणूस असतो तर मीही फसलो असतो. "पोरगं आहे साहेब. दोन वर्षं पोटच्या पोरासारखं ठेवलं म्या त्याले. चुकलं त्याचं. या खेपेले माफ करा."

आणि इतवारीने हात जोडले. "हाव जी साहेब. चुकलं पोट्ट्याचं. मी माफी मागतो त्याच्यावतीनं."

"बा, मी काही केलंच नाही," लिलाधर म्हणाला.

"गप राह. मोठे बोलून राहिले न."

इतवारीच्या मनात काय होतं, हे मला ठाऊक आहे. त्याच्या गावात भांडण असंच मिटतं. कोण चुकलं हे कुणी खोदत नाही. लहानाच्या घरचा मोठा उठतो, हात जोडतो, चहा येतो, विषय संपतो. दुसऱ्या दिवशी सगळे एकाच तलावावर. त्याला वाटलं, माफी मागितली म्हणजे पोरगा वाचला. त्याने लक्ष्मणरावांचा मान ठेवला, साहेबाचा मान ठेवला, आणि मुलाचं नाव सोडून सगळ्यांचं सगळं राखलं.

कंपनीत माफीसाठी रकाना नाही. कंपनीत रकाना आहे कबुलीचा.

चंद्रकुमारने लिलाधरला विचारलं, तुम्हाला आणखी काही सांगायचंय? लिलाधर बापाच्या जोडलेल्या हातांकडे पाहत होता. ते हात अजून खाली आले नव्हते. चंद्रकुमारने टॅबवर लिहिलं, कोड स्वतःच दुसऱ्याला दिला, मालक आणि वडील दोघांच्या समोर कबूल. मग एक बटण दाबलं. मी लिलाधरच्या हातात होतो. माझ्या पडद्यावरून त्याचं नाव गेलं. किती वेळ लागला? श्वास घ्यायला लागतो तेवढा. दूर कुठेतरी ते नाव पुसलं गेलं, आणि देशभरच्या सगळ्या यंत्रांना त्याच क्षणी कळलं की हा माणूस चालत नाही. मी चार हजारांतला एक, माझी सगळी भावंडं त्या क्षणी एकदम त्याच्याविरुद्ध झाली. पट्ट्याची ताकद पाहून मी भारावायचो. त्या दिवशी तीच ताकद पाहून मला भीती वाटली.

चहा आला. लक्ष्मणरावांनीच मागवला होता. इतवारीने बशीत ओतून प्यायला, मोकळ्या मनाने.

मग डिकी उघडली, वांग्यांखालचं पार्सल निघालं. लक्ष्मणराव म्हणाले, उद्या नेऊन देतो. लिलाधरने ते त्यांच्या हातातून घेतलं, मला खिशात टाकलं, आणि बापाची सायकल घेऊन निघाला. कुणी अडवलं नाही. कंपनीचा शर्ट त्याने दारातच काढून काउंटरवर ठेवला होता. बनियनवर चौदा किलोमीटर.

मला वाटलं, हा ते पार्सल तलावात फेकणार. मी असतो तर फेकलं असतं.

मनकर्णाबाई अंगणात मोहरी पाखडत होत्या. लिलाधरने खुणेने विचारून खोका उघडला, आतला कागद दोनदा वाचला, बॅटरी घातली, आणि जाळ्याची गाठ सोडवतात तशा हळू बोटांनी ते मशीन त्यांच्या कानात बसवलं. मग सवयीने मला वर काढलं आणि बटण दाबलं. दोनदा, माझं बटण तसं आहे म्हणून.

नाव पटलं नाही. मी तीनदा लांब वाजलो.

मनकर्णाबाईंच्या हातातलं सूप खाली आलं. त्यांनी कानाला हात लावला. तोंड उघडं राहिलं. "काय वाजलं गा?"

"मशीन आहे मावशी."

"पुन्हा वाजव."

त्याने पुन्हा दाबलं. मी पुन्हा त्याचं नाव नाकारलं, तीनदा, लांब. म्हातारी हसली. दात नसलेलं, लहान पोरासारखं हसू. "पुन्हा." त्याने पुन्हा दाबलं. सात वेळा. दर वेळी पडद्यावर लाल अक्षरं, ही ओळख बंद आहे, आणि दर वेळी ती हसायची, आणि शेवटी तो पण हसला. मग तिने हाताने थांब म्हटलं आणि मान वळवली. तलावाच्या पारीतल्या तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या भोकातून, बांधीत पाणी पडत होतं. ते पाणी ती ऐकत होती. चार वर्षं तिच्या घरामागे ते पडत होतं. मी तीन हजार पार्सलं एका दिवसात वाचली आहेत, पण पार्सल पोचणं म्हणजे काय, ते मला त्या अंगणात कळलं. त्याची कुठेच नोंद नाही. नोंदीत ते तीन दिवस आधीच पोचलेलं आहे.

आज मी दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. माझ्यावर आता लक्ष्मणरावांच्या पुतण्याचं, भुपेंद्रचं नाव चालतं. चांगला आहे पोरगा. त्याचा कोड त्याच गाडीचा नंबर आहे.

पाटी पाहून आत येणाऱ्या पोरांनो, शर्टावर कुणाचं नाव आहे ते पाहू नका, कोड कुणी ठरवला ते पाहा. आणि त्यांच्या बापांना एकच सांगणं आहे. तुमच्या पोराने जे केलं नाही, त्यासाठी हात जोडू नका. ते हात तुमचे असतात, पण लिहिलं जातं त्याच्या नावावर.

इतवारी अजूनही तलावावर सांगतो, साहेबाले माफी मागितली म्हणून पोट्टं वाचलं. लिलाधर त्याच्यासोबत जाळं ओढतो आणि त्याच्याशी बोलत नाही.

सोमवारी शहापूरहून कागद आला. लिलाधर पास झाला होता, पहिला. खाली लिहिलं होतं, ओळख बंद असल्यामुळे नेमणूक रद्द.

त्याची नोकरी गेली. त्या कंपनीच्या कोणत्याही यंत्रावर त्याचं नाव आता कधीच चालणार नाही.